तुम्ही परत का आलात?

तुम्ही परत का आलात, हे मी तुम्हाला तीस वर्षं विचारलं आणि तीस वर्षं तुम्ही दर वेळी निराळं उत्तर दिलंत. आता तेरावं उरकलं, पाहुणे गेले, मागून आणलेल्या सतरंज्या झटकून परत दिल्या, आणि माझ्या डोक्यात पुन्हा तोच प्रश्न येऊन बसला. शेजारणी म्हणतात, बाई लवकर सावरल्या. सावरले कसली? मी विचार करतेय.

आलेली माणसं तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलली. "सर म्हणजे देवमाणूस," असं तर प्रत्येकजण म्हणाला. मी मान हलवत होते. वरणात मीठ कमी पडलं की पेपरातली चूक सापडावी तसे माझ्याकडे बघणारे तुम्ही, टॉवेल कधी दोरीवर न टाकणारे तुम्ही, आणि पोरांना शिकवायला लागलात की घड्याळ विसरणारे तुम्ही. देवमाणूस असतात तर मला इतकी वर्षं झुलवलं नसतं. सरळ सांगून मोकळे झाला असतात.

मी गावच्या शाळेत चौथीच्या वर्गावर जन्म काढला आहे. पोरगं खोटं बोलायला लागलं की मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. तुमचंही कळायचं. पण खोटं कळणं वेगळं आणि खरं कळणं वेगळं, एवढं मी तुमच्याकडून शिकले.

तुम्ही इथिओपियातली मास्तरकी सोडून आलात तेव्हा आत्याबाईंना सांगितलंत, "माय, तिथलं पाणी मानवंना." पाणी मानवत नव्हतं म्हणता आणि शर्टाची बटणं पोटावर लागत नव्हती. आत्याबाई सासू म्हणून कडक, पण तुमच्या बाबतीत आंधळ्या. त्यांनी लगेच लिंबू उतरवून टाकला. नांदेडच्या तुमच्या कॉलेजात तुम्ही सांगितलंत की करार संपला. करार तर नुकताच वाढवून घेतला होता, तुम्हीच फोनवर मला सांगितलं होतं. पारावर सांगितलंत की तिकडं सरकार बदललं, गडबड चालू आहे. गडबड होती हे खरं, पण ती होऊन बरेच दिवस झाले होते. आणि मला काय सांगितलंत? "बाई, तुझ्या हातच्या भाकरीची आठवण यायची." अहो, भाकरी तर आत्याबाई करायच्या! मी सकाळी शाळेत आणि दुपारून शेतात. एवढी मोठी गणितं सोडवणारा माणूस, आणि थाप मारताना घरात भाकरी कोण थापतं हेही बघितलं नाही.

गावानंही आपापली उत्तरं काढली होती. कुणी म्हणालं, सरांना हाकलून दिलं. कुणी म्हणालं, सरांनी तिकडं दुसरं घर केलं होतं, ते मोडलं. हे दुसरं मला तोंडावर कुणी सांगितलं नाही, पण नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. मी त्याचाही शांतपणे विचार केला. आपल्या लेकीला, रोहिणीला, शाळेतून आणायला पाठवलं तर शेजारच्या वर्गातल्या पोराला हाताला धरून आणणारे तुम्ही, दोन संसार तुम्हाला पेलले नसते. म्हणून ती शंका मी सोडून दिली. पूर्ण सोडली म्हणजे खोटं बोलेन. थोडी ठेवली होती, कारण तो घास.

आठवतंय ना? पहिल्या सुट्टीला आला होतात. दोन वर्षांनी. ओसरीवर पंगत बसलेली, तुम्ही, तुमचे काका, आत्याबाई कडेला. मी वाढत होते. तेव्हा आम्ही बाया मागून जेवायचो. पिठलं वाढायला मी तुमच्यासमोर वाकले आणि तुम्ही भाकरीचा तुकडा पिठल्यात घोळवून, नीट गोळा करून, सगळ्यांसमोर माझ्या तोंडाशी धरलात. काकांचा हात ताटातच राहिला. आत्याबाई म्हणाल्या, "आरं, लगीन कवाच झालं की तुझं! येड लागलं का काय तिकडं जाऊन?"

तुम्ही म्हणालात, "माय, तिकडं असंच करतेत. आपल्या माणसाला हातानं भरवतेत. गुरशा म्हणतेत त्याला. न्हाई घेतला तर वाईट वाटतंय समोरच्याला."

माझ्या एका हातात पिठल्याची कढई, दुसऱ्यात पळी. मी तोंड उघडलं. का उघडलं, ते मला आजही सांगता येणार नाही. लाजून मेले होते. मला वाटलं झालं, तर तुम्ही दुसरा घास करायला लागलात. म्हणे एकावर थांबलं तर भांडण होतं, तिसऱ्यापर्यंत जावं लागतं. काका हात धुवायला उठले ते परत आलेच नाहीत. तिसऱ्या घासाला आत्याबाई ओरडल्या, "पुरं आता! आजून एक दिलास तर तिला नाव घ्यायला लावीन!"

रात्रभर मला हसू येत होतं. आणि मग सकाळी भांडी घासताना मनात आलं, हे ह्यांना शिकवलं कुणी? असा नीट, न सांडता घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालायला सराव लागतो. तुम्हाला कुणीतरी भरवत होतं. मी विचारलं तर म्हणालात, "तिथं सगळेच करतात." सगळेच म्हणजे कोण? ह्या प्रश्नाला तुम्ही कधी उत्तर दिलं नाहीत. उलट मलाच म्हणायचात, "तू ये की तिकडे. डोळ्यांनी बघ."

आणि मी म्हणायचे, "तुम्ही या."

आपलं भांडण हे एवढंच होतं. तुमचे वडील गेले, शेत माझ्या गळ्यात आलं, माझी शाळा, रोहिणी आणि तिचा भाऊ लहान. मी कशी येणार होते? तुम्ही म्हणायचात, शेत बटईनं, वाट्यानं कसायला दे, रजा टाक. मी म्हणायचे, तुम्हीच परत या, नांदेडला नोकरी आहेच. तुम्ही म्हणायचात, अजून दोन वर्षं. आपण दोघंही मास्तर, त्यामुळे दोघांनाही समोरच्याला समजावून सांगायची हौस आणि ऐकायची सवय नाही. सात-आठ वर्षं हे चाललं. आणि मग मी काही न म्हणता, तुम्ही काही न कळवता, एक दिवस भोकरच्या स्टँडवरून ऑटोत बसून दारात उभे. मी जिंकले असं मला वाटायला हवं होतं. पण ज्या भांडणात समोरचा एकदम हत्यार टाकतो ते जिंकल्यासारखं वाटत नाही. उलट काळजी वाटते.

आल्यावर तुम्ही कॉलेजात पुन्हा रुजू झालात, शनिवार-रविवार गावाकडे. पहिल्याच पावसाळ्यात मला म्हणालात, "बाई, बांधाजवळचा एक कोपरा मला देतेस का?" मी म्हणाले, "शेत तुमच्या वडिलांचं आणि मला काय विचारता?" तुम्ही खिशातून पुडी काढलीत. तिकडचं धान्य, टेफ. ज्याच्या त्या आंबट, जाळीदार पोळ्या करतात. दाणा इतका बारीक की खसखस त्याच्यापुढे हरभरा वाटावी. तुम्ही ते मातीत मिसळून, गुडघ्यावर बसून टाकलंत. उगवलं. तुम्ही दर शनिवारी आधी तिकडे जायचात, मग घरी यायचात.

मग सोयाबीन खुरपायला बाया लावल्या. संध्याकाळी त्यांच्यातली एक मोठ्या कौतुकानं तुम्हाला सांगायला आली, "सर, त्या कोपऱ्यात लई गवत माजलं व्हतं बघा. समदं साफ केलं. एक काडी ठिवली न्हाई."

तुम्ही म्हणालात, "बरं केलंत."

आणि ती गेल्यावर खाली बसलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मीही हसले. हसता हसता तुम्ही म्हणालात, "आता तिकडची शेतीही संपली." मला वाटलं, विनोदच केलात.

तेव्हापासून तुम्ही शेतात कशालाच हात लावला नाहीत. संध्याकाळी बांधावर येऊन उभे राहायचात, हात पाठीमागे. विचारायचात, "काय म्हणतंय शेत?" मी सांगायचे. अमुक बियाणं आणलं, विहिरीवर मोटर बदलली, खालच्या पट्टीत तूर टाकली. तुम्ही म्हणायचात, "बरं केलंस." तीस वर्षं तुम्ही तेवढंच म्हणालात. मला आवडायचं ते. इतर बायांचे नवरे प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचे. आमच्या उदगीरकडच्या बहिणी म्हणायच्या, तुझा नवरा म्हणजे गरीब गाय. मी म्हणायचे, हाव, नशीब लागतं.

आता ऐका. तुमच्या तेराव्यानंतर रोहिणी लातूरला परत जायच्या आधी, सकाळी चहा घेताना तिचा फोन वाजला. तिनं तुम्ही गेल्याचं कळवायला इंटरनेटवर तुमचा फोटो टाकला होता, तो बघून कुणी तिला शोधत आलं होतं. परदेशातला नंबर. ती दोन मिनिटं बोलली आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "आई, तेस्फाये म्हणून आहेत. पप्पांचे विद्यार्थी. तुझ्याशीच बोलायचं म्हणतात."

माझं इंग्रजी कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यावर कमी हसला नाहीत. मी हॅलो म्हटलं आणि तिकडून एक भरदार, वयस्क आवाज म्हणाला, "बाई?"

अहो, मला वाटलं माझ्या शाळेतलाच कुणी. मग तो म्हणाला, "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा." थेट दहापर्यंत. उच्चार जरा गोल, पण चुकला कुठेच नाही. रोहिणी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. तो सांगत होता, फळ्यावर गणित इंग्रजीत चालायचं, पण आकडेमोड करताना सर तोंडातल्या तोंडात हे म्हणायचे. सगळ्या वर्गाला पाठ झालं होतं. आता तो स्वतः गणिताचा सर आहे आणि त्याच्या वर्गातल्या पोरांनाही ते येतं म्हणे. त्यांना वाटतं हा काहीतरी मंत्र आहे. मी इतके दिवस लोकांसमोर रडले नव्हते. बेच्या पाढ्याला रडले.

डोळे पुसले आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल, ओळखा. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "सरांना घास कोण भरवायचं?"

तो हसला. म्हणाला, "माझी आई." तुम्ही त्यांच्या घराला लागून खोली घेऊन राहायचात. मांस खात नाही म्हटल्यावर सुरुवातीला सगळ्यांना पंचाईत पडली. मग त्याच्या आईनं तोड काढली. त्यांचा बुधवारी आणि शुक्रवारी उपास, त्या दिवशी मांस नाही, दूध नाही, फक्त डाळी, भाज्या आणि बेसनाचं पातळ कालवण. म्हणजे त्यांचा उपास ते आपलं रोजचं जेवण! ते कालवण पहिल्यांदा तोंडात घातल्यावर तुम्ही "पिठलं" म्हणून ओरडलात, तर त्याच्या आईला वाटलं काही चावलं. त्या दिवशी तिनं तुम्हाला घास भरवला आणि तुम्ही मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाहीत. हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या नवऱ्याला लेकरासारखं भरवलं, ह्यात लपवण्यासारखं काय होतं? मी तिला एखादं लुगडं पाठवलं असतं.

ती आई आता नाही. मी ते विचारलं. मग मी त्याला म्हणाले, "बाबा, आणखी एक. सर तिथून परत का आले?"

तो म्हणाला, आम्हालाही कधी कळलं नव्हतं, पुढे आईनं सांगितलं. एका रविवारी तुम्ही माझ्याशी फोनवर बोलून आलात आणि जेवायला बसलात ते गप्पच. आईनं विचारलं, घरी सगळं ठीक? तुम्ही म्हणालात, घरी उत्तम आहे. पूर्वी माझी बायको फोनवर विचारायची, काय पेरू? आता ती सांगते, काय पेरलं.

त्याची आई म्हणाली, मग जा घरी.

एवढंच. पुढच्या महिन्यात तुम्ही निघालात.

मी फोन रोहिणीकडे दिला आणि मागच्या दारी येऊन बसले. आधी मला तुमचा राग आला, खरं सांगते. अहो, फोन कुठून करायचे मी? भोकरच्या बूथवर रविवारी तास तास बसायचे, तुमचा फोन कधी लागेल म्हणून. मागे माणसांची रांग, बूथवाला कान टवकारून. लाइन लागली तर निम्मं बोलणं खरखरीत जायचं आणि निम्म्यात कट. काय पेरू विचारायचे, तर तुम्ही म्हणायचात, "विचार करून पुढच्या रविवारी सांगतो." पुढच्या रविवारी! जमिनीला वापसा आला, पेरणीजोगी ओल झाली, की ती तुमच्या रविवारसाठी थांबते होय? शेतकऱ्याचं पोर तुम्ही, तुम्हाला हे कळू नये? म्हणून विचारायचं बंद केलं. बाकी काही नव्हतं त्यात.

आणि दुसरं कारण सांगू? मला विचारायची गरजच नसायची. बांधावर उभी राहिले की तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू यायचं. "बाई, पाणी कमी आहे, करडई टाक." मी तिथेच तुमच्याशी भांडायचे, हात हलवून. आपला सालगडी मारुती लांबून बघायचा, त्याला वाटायचं बाई आकडेमोड करून राहिल्या. कधी तुमचं ऐकायचे, कधी मुद्दाम उलट करायचे. फोनवर तुमच्या कानावर फक्त शेवट यायचा. ते सगळं भांडण तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि तुम्ही तिकडे ताटावर गप्प बसलात.

तुम्हीही कमाल केलीत. आलात, तर म्हणायचं ना, "मला विचारत जा." एक वाक्य. त्यासाठी तेवढा प्रवास करून आलात आणि आल्यावर तोंडात गुळणी धरली. तीस वर्षं बांधावर उभे राहून "काय म्हणतंय शेत" विचारायचात, तेव्हा तुम्ही वाट बघत होतात का हो? मी सगळं ठरवून, करून, वर तुम्हालाच ऐकवायचे. आणि तुम्ही "बरं केलंस" म्हणायचात. त्यात कुठे राग होता का? मी रोज ते दोन शब्द कानात उलटसुलट करून ऐकतेय. राग सापडत नाही. दुःख होतं का, तेही कळत नाही. आवाज तर खुशीतलाच आठवतो. का मीच तसा ठरवला आहे?

ज्यासाठी आलात ते इथे तुम्हाला मिळालं नाही. तरी राहिलात. परत जायचं नाव काढलं नाहीत, कुणाला बोल लावला नाहीत, पोरांच्या शिकवण्या घेतल्यात, आत्याबाईंना शेवटी हातानं भरवलंत. माझ्यावर केवढी माया होती तुमची, हे मला परक्या मुलखातल्या एका मास्तरानं सांगावं लागलं. ह्याचा मला आनंद मानू का रडू, तेच समजत नाही. दोन्ही करते. कुणी बघत नसतं.

आज सकाळी मारुती आला होता. तेव्हाचा सालगडी, आताचा बटईदार, तुमच्यापेक्षा थोडाच लहान, आता त्यालाही उभं राहून बोलायला त्रास होतो. पायरीवर बसला. पाणी प्याला. म्हणाला, "बाई, दुःखाचं हाय, मला कळतंय. पर सोयाबीन निघालं. खालची पट्टी रिकामी पडून हाय. काय टाकायचं?"

नेहमीसारखं मी लगेच सांगणार होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "ह्यांना विचारून सांगते."

गावातली प्रत्येक बाई हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणते. सालगडी आला, विक्रेता आला, वर्गणी मागायला कुणी आलं, "ह्यांना विचारून सांगते." मी त्या बायांना हसायचे. मी ते उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, आणि माझंच मला ऐकू आलं. मारुतीनं माझ्याकडे बघितलं नाही. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवत राहिला. मग उठला.

"हाव बाई," तो म्हणाला. "इचारा सरांना. घाई न्हाई."

घाई आहे. दोन-तीन दिवसांत ओल उडून जाईल, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. मी मघापासून बांधावर येऊन बसले आहे. कान लावून बघितलं, पण पूर्वी तुम्ही लांब असताना जे ऐकू यायचं ते आज येत नाही. म्हणून सरळ विचारते. ज्वारी टाकू का करडई?